मुक्त स्रोत आशय व्यवस्थापन प्रणाली आणि संकेतस्थळ-निर्मितीचे शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाजालाचा इतिहास लिहिताना बहुधा शोधांचा, कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा इतिहास लिहिला जातो. हे महाजाल ज्यांनी प्रत्यक्ष उभे केले, त्या असंख्य लोकांनी ते काम कोठे आणि कसे शिकून घेतले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ते सारे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्गांत शिकले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांतील अनेकांचा पदवीचा विषय संगणक नव्हता; काहींनी पदवी पूर्णही केलेली नव्हती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अशा लोकांची शाळा होती ती ड्रुपल, जूमला आणि वर्डप्रेस यांसारख्या मुक्त स्रोत आशय व्यवस्थापन प्रणालींची.

आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर विदागारात साठवणारी, त्याचे बाह्यरूप स्वतंत्र साच्यांत ठेवणारी आणि संपादनाचे काम ब्राउझरमधूनच करू देणारी संगणकीय व्यवस्था. अशा प्रणालीमुळे संकेतस्थळ तयार करण्यासाठी काही शिकावेच लागत नाही, असा एक समज रूढ आहे. प्रणालीची जाहिरातही याच शब्दांत होत आली. प्रस्तुत निबंधातील प्रतिपादन याच्या उलट आहे. वापरणाऱ्याला पायरीपायरीने घडवणारा बनवण्याचे सामर्थ्य या प्रणालींमध्ये होते. हे सामर्थ्य आपोआप आलेले नव्हते. विशिष्ट काळातील तांत्रिक निर्णय, परवान्याच्या अटी आणि स्वस्त सर्व्हरसेवेची उपलब्धता यांच्या संयोगातून ते निर्माण झाले, आणि त्या गोष्टी बदलताच त्याचे स्वरूपही पालटले.

पूर्वपीठिका : वाचता येणारे पान आणि न वाचता येणारी आज्ञावली

३० एप्रिल १९९३ रोजी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. या निर्णयाचे आर्थिक परिणाम सर्वज्ञात आहेत. शैक्षणिक परिणामांची चर्चा त्या मानाने कमी होते. एचटीएमएल ही पानाची मांडणी सांगणारी भाषा साध्या अक्षरांत लिहिली जात असे आणि कोणत्याही पानामागील मूळ मजकूर पाहण्याची सोय ब्राउझरमध्ये होती. एखाद्या पानावरचा तक्ता आवडला, तर तो कसा बांधला आहे हे पाहावे, उतरून घ्यावे आणि आपल्या पानात बसवून पाहावे, अशी शिकण्याची रीत त्यातून रुळली. छापखान्यात खिळे जुळवणारा उमेदवार शेजारच्या जाणत्या जुळाऱ्याचा हात पाहून जसा तयार होई, तसेच हे शिक्षण होते. फरक इतकाच की, येथे जाणता कारागीर परदेशात असला तरी चालत असे.

१९९५ नंतर ही स्थिती बदलू लागली. पाने आता हाताने लिहून ठेवली जात नव्हती. वाचकाने मागणी केली की सर्व्हरवरील आज्ञावली ती त्या क्षणी तयार करून पाठवू लागली. वाचकाच्या ब्राउझरमध्ये येई तो केवळ तयार झालेला पदार्थ. तो शिजवणारी चूल सर्व्हरवरच राही. मूळ मजकूर पाहण्याची सोय होती तशीच होती, परंतु तिच्यातून शिकता येणारा भाग घटत चालला. ज्या मार्गाने पहिली पिढी शिकली तो मार्ग पुढच्या पिढीसाठी असा नकळत बंद होत होता. मुक्त स्रोत प्रणालींचे ऐतिहासिक महत्त्व या ठिकाणी आहे. सर्व्हरवरची आज्ञावलीच त्यांनी लोकांच्या हाती दिली आणि बंद होऊ घातलेले वाचन पुन्हा सुरू केले.

यासाठी लागणारी साधने निरनिराळ्या ठिकाणी तयार होत होती. रास्मुस लेर्डोर्फ यांनी स्वतःच्या परिचयपत्राचे पान कोण पाहते याची नोंद ठेवण्यासाठी काही छोट्या आज्ञावली लिहिल्या आणि ८ जून १९९५ रोजी त्या जाहीर केल्या. पीएचपी या भाषेचा उगम तो. पुढे झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्राएलमधील टेक्नियन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी तिची नव्याने बांधणी केली आणि १९९८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली. स्वीडनमध्ये १९९५ साली सुरू झालेले मायएसक्यूएल हे विदागार २००० मध्ये जीपीएल परवान्याखाली आले. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीला 'लॅम्प' हे नाव १९९८ मध्ये मिखाएल कुन्झे यांनी एका जर्मन संगणकविषयक नियतकालिकातील लेखात दिले.

पीएचपीची विद्वज्जनांनी पुष्कळ टवाळी केली आणि तिच्यात तथ्यही होते. या भाषेतील नावांमध्ये एकसूत्रता नव्हती, आणि वाचकाने पाठवलेली माहिती थेट आज्ञावलीच्या चलांमध्ये शिरू देण्याची घातक सवय तिला होती. एप्रिल २००२ मधील ४.२ या आवृत्तीपासून ही सवय मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिचा एक गुण सर्व दोषांवर मात करणारा होता. एचटीएमएलच्या पानात मध्येच एक ओळ पीएचपीची लिहिता येत असे. ज्याला पान लिहिता येते, त्याला त्या पानात आजची तारीख दाखवणारी एक ओळ घालता येई, आणि तेवढ्याने त्याचा आज्ञावली-लेखनात प्रवेश होई. बदल केला, फाइल सर्व्हरवर चढवली, पान पुन्हा उघडले की परिणाम समोर. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांना जागा देणाऱ्या स्वस्त सर्व्हरसेवांमुळे ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. २००२ पासून उपलब्ध झालेल्या झॅम्पसारख्या संचामुळे तर घरच्या संगणकावरच संपूर्ण सर्व्हर मांडून बसता येऊ लागले.

राहिला परवान्याचा भाग. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला आणि १९९१ मध्ये सुधारलेला जीपीएल परवाना बहुधा 'फुकट' या एकाच शब्दात समजून घेतला जातो. मुक्त आज्ञावलीच्या त्यांच्या व्याख्येत आज्ञावली कशी चालते याचा अभ्यास करण्याचे आणि ती बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्टपणे सांगितलेले आहे. अभ्यासाचा हक्क येथे कोणाच्या औदार्यावर सोडलेला नव्हता, तो परवान्याचाच भाग होता.

प्रणालींचा जन्म

ड्रुपलची कथा बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या वसतिगृहात सुरू होते. २००० साली कायमस्वरूपी इंटरनेट जोडणी विद्यार्थ्यांना परवडणारी नव्हती. ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नाइडर यांनी एकाच मोडेमची जोडणी बिनतारी यंत्रणेने आठ विद्यार्थ्यांमध्ये वाटून घेतली. जोडणीची स्थिती काय, आज जेवायला कोठे भेटायचे, असले निरोप एकमेकांना कळवण्यासाठी बायटार्ट यांनी एक छोटे संकेतस्थळ लिहिले. शिक्षण संपल्यावर ते महाजालावर मांडताना डच भाषेतील 'खेडे' या अर्थाच्या 'डॉर्प' शब्दाऐवजी नोंदणीत चुकून 'ड्रॉप' टंकले गेले आणि तेच नाव राहिले. १५ जानेवारी २००१ रोजी त्यामागील आज्ञावली ड्रुपल या नावाने खुली झाली. 'थेंब' या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव घेतले आहे.

जूमलाचा जन्म भांडणातून झाला. ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने विकसित केलेली मॅम्बो ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली खुली होती. तिच्या नियंत्रणासाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानावरून मतभेद झाले, आणि ऑगस्ट २००५ मध्ये तिच्या विकासकांचा गट एकत्र बाहेर पडला. परवान्यामुळे त्यांना आज्ञावली सोबत नेता आली. नाव मात्र नेता आले नाही. नवे नाव त्यांनी स्वाहिली भाषेतील 'एकत्र, सर्व मिळून' या अर्थाच्या शब्दावरून घेतले. हा शब्द मुळात अरबी. पेशवेकालीन हिशेबांच्या कागदपत्रांत बेरजेच्या ठिकाणी येणारा 'जुमला' तो हाच. मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला तो नवीन वाटू नये.

वर्डप्रेसच्या बाबतीत परवान्याचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते. मिशेल वाल्द्रिघी या फ्रेंच विकासकाने २००१ मध्ये बी-टू नावाची प्रणाली लिहिली होती. काही काळाने त्यांचे काम थांबले. तिच्यावर अवलंबून असलेल्यांपैकी एक होता अमेरिकेतील ह्यूस्टन येथील मॅट मलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. विद्यापीठात त्याचा विषय राज्यशास्त्र होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने आपली अडचण जाहीरपणे मांडली. बी-टू जीपीएलखाली असल्याने ती उचलून पुढे नेता येईल, असे त्याच्या लक्षात आले होते. इंग्लंडमधील स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी साथ देण्याची तयारी दाखवली. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या या दोघांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. बी-टूचा परवाना बंदिस्त असता, तर तिच्या निर्मात्याबरोबर ती प्रणालीही थांबली असती.

याच काळात मूव्हेबल टाइप ही पर्लमध्ये लिहिलेली प्रणाली अधिक लोकप्रिय आणि अनेकांच्या मते अधिक सफाईदार होती. मे २००४ मध्ये तिच्या मालक कंपनीने परवान्याच्या अटी आणि किमती बदलल्या. दुखावलेले अनेक वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले. गुणवत्तेच्या स्पर्धेपेक्षा परवान्यावरील विश्वासाने येथे पारडे फिरवले, असे म्हणता येते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या परिचयाच्या दोन प्रणालीही याच कुळातील आहेत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगिआमास यांच्या मूडलची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. कॅनडात जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून २००१ मध्ये ओपन जर्नल सिस्टिम्स ही नियतकालिकांसाठीची प्रणाली निर्माण झाली. दोन्ही पीएचपीत आणि दोन्ही जीपीएलखाली. इतरांसाठी काही घडवताना माणूस शिकतो, हे तत्त्व मूडलच्या रचनेमागे जाणीवपूर्वक ठेवलेले होते. ड्रुपल-वर्डप्रेसच्या निर्मात्यांनी असा कोणताही शिक्षणसिद्धांत पुढे ठेवलेला नव्हता. परंतु घडले ते त्या तत्त्वाबरहुकूमच.

शिकण्याची रीत

वर्डप्रेसची स्थापना पाच मिनिटांत होते, असा तिचा लौकिक होता. जाणत्याला ती होतही असे. नवशिक्याची पहिली संध्याकाळ त्यात जाई, आणि ती वाया जात नसे. विदागार तयार करणे, त्याचे नाव, वापरकर्ता आणि परवलीचा शब्द एका फाइलमध्ये लिहिणे, सर्व फाइली एफटीपीने सर्व्हरवर चढवणे, एवढेच काम. पण त्यात एक अक्षर चुकले की विदागाराशी संपर्क होत नसल्याचा निरोप पडद्यावर उमटे. फाइली एका जागी आहेत, मजकूर दुसऱ्या जागी आहे आणि दोहोंना जोडणारा दुवा तुटला आहे, हे त्या एका निरोपातून कळे. व्याख्यानात तासभर सांगूनही जे मनावर ठसत नाही, ते असे ठसे.

याहून बोधप्रद चूक आणखी एक होती. पीएचपीच्या फाइलीत आरंभखुणेच्या आधी किंवा समाप्तिखुणेच्या नंतर एखादी कोरी ओळ राहिली, की 'शीर्षके आधीच पाठवली गेली आहेत' अशा आशयाचा इशारा येई आणि संकेतस्थळात प्रवेशच करता येत नसे. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रिकाम्या जागेने सारे अडून बसावे, याचे नवशिक्याला नवल वाटे. कारण शोधता शोधता तो एचटीटीपीच्या नियमापर्यंत पोहोचे : सर्व्हर आधी शीर्षके पाठवतो, मग मजकूर, मजकुराचे एक अक्षर, मग ते रिकामे का असेना, बाहेर पडले की शीर्षके पाठवण्याची वेळ टळलेली असते. शिष्टाचाराचा हा नियम अनेकांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी या कोऱ्या ओळीपासून शिकून घेतला.

दुसरी पायरी बाह्यरूपाची. फेब्रुवारी २००५ मधील दीड या आवृत्तीत वर्डप्रेसने साच्यांची व्यवस्था आणली. पानाचा माथा, पाय, बाजूची पट्टी आणि मधला मजकूर यांसाठी वेगवेगळ्या फाइली झाल्या. प्रत्येक प्रतीसोबत येणारा 'कुब्रिक' हा मूळ साचा उघडून वाचणे हा कित्येकांचा पहिला धडा ठरला. त्यात एचटीएमएल बहुतांश, पीएचपी थोडे. म्हणजे ओळखीच्या मजकुरात अनोळखी शब्द विखुरलेले. लेख असतील तोवर एकेक घेऊन छापत जा, असे सांगणारी त्यातील चक्राकार आज्ञा म्हणजे अनेकांनी वाचलेले पहिले 'लूप' होय. परकी भाषा अशीच, अर्ध्या कळलेल्या वाक्यांतून, शिकली जाते.

तिसरी पायरी खऱ्या अर्थाने आज्ञावली-लेखनाची. मूळ प्रणालीत बदल न करता तिच्या वागण्यात बदल करता यावा, यासाठी ठरावीक जागी 'हुक' ठेवलेले असत. वर्डप्रेसमध्ये २००४ च्या १.२ या आवृत्तीपासून जोडण्यांची ही व्यवस्था आली. लेखाचा मजकूर वाचकाकडे जाण्याआधी एकामागून एक गाळण्यांतून जातो आणि त्या रांगेत कोणालाही आपली गाळणी लावता येते. ड्रुपलची रीत निराळी होती. तेथे केवळ नावावरून ओळख पटे : आपल्या जोडणीचे नाव आणि हुकाचे नाव जोडून एखादे फलन लिहिले की प्रणाली ते योग्य वेळी आपण होऊन बोलावत असे. मूळ आज्ञावलीला हात लावला की देव मांजराचे एक पिल्लू मारतो, अशी गमतीची दहशत ड्रुपलच्या वर्तुळात घातली जाई. तिच्यातला विनोद सोडला, तर मुद्दा गंभीर होता. दुसऱ्याने बांधलेल्या इमारतीत राहून, तिच्या भिंती न पाडता आपली खोली कशी बांधावी, ही मोठ्या आज्ञावलींच्या रचनेतील मध्यवर्ती समस्या. व्यावसायिक शिक्षणात ती उशिरा येते. येथे ती तिसऱ्याच पायरीवर भेटत होती.

या शिक्षणाला दुसरी बाजूही आहे. उतरून घेतलेल्या ओळी न समजता डकवणे, साच्यातच विदागाराचे प्रश्न लिहिणे, एकेका किरकोळ गरजेसाठी एकेक जोडणी चढवत संकेतस्थळ जडशीळ करणे, या सवयी याच शाळेत लागल्या. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी या मंडळींना अर्धशिक्षित मानले, ते सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. सुरक्षिततेच्या बाबतीत तर त्याची किंमत मोजावी लागली. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. विदागाराला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात परक्याला आपला मजकूर घुसवता येऊ नये, यासाठी जो भाग लिहिला होता, त्या भागातच ती त्रुटी होती. दोन आठवड्यांनी सुरक्षा पथकाने कळवले की, जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ हल्ल्याला बळी पडले आहे असेच समजावे. हौसेने उभारलेले संकेतस्थळ सात तासांत दुरुस्त करायला कोण जागे असणार? ही घटना पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. सदोष ओळ आणि तिची दुरुस्ती दोन्ही सर्वांसमोर होत्या. त्यामुळे दोष कोणता हे सांगण्याऐवजी दाखवता येत होते. पण त्याच उघडेपणामुळे हल्लेखोरांनाही ते तत्काळ वाचता आले, ही वस्तुस्थिती झाकण्याचे कारण नाही.

मराठी संकेतस्थळे आणि देवनागरीचा धडा

मराठीपुरते बोलायचे तर या प्रणालींचे ऋण मोठे आहे. मनोगत (२००४), मिसळपाव आणि उपक्रम (२००७) तसेच ऐसी अक्षरे (२०११) ही मराठी लेखन-वाचनाची संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली. १९९६ पासून चालत आलेले मायबोलीही पुढे ड्रुपलवर गेले. बेल्जियममधील आठ विद्यार्थ्यांच्या निरोपांसाठी लिहिलेल्या आज्ञावलीच्या वारसावर मराठी माणसांनी गझला, पाककृती आणि शुद्धलेखनाचे वाद मांडले. रोमन कळफलकावरून थेट देवनागरी लिहू देणारी 'गमभन' सारखी सुविधा अशा संकेतस्थळांत जोडता आली. मनोगतावर शुद्धिचिकित्सकही होता. प्रणालीचा आतला भाग उघडा नसता, तर या जोडण्या करणे अवघड होते.

देवनागरीने शिकणाऱ्यांना एक जादा विषयही दिला : अक्षरांची संकेतव्यवस्था. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु ती विदागारात नीट उतरणे ही वेगळी गोष्ट. मे २००७ मधील २.२ या आवृत्तीपूर्वी वर्डप्रेस मजकूर यूटीएफ-८ मध्ये पाठवी, आणि त्याचे तक्ते मात्र सर्व्हरवर जी मूळ मांडणी असेल तीत, म्हणजे बहुधा लॅटिन-१ मध्ये, तयार होत. जोवर संकेतस्थळ जागेवर होते तोवर सारे सुरळीत दिसे. सर्व्हर बदलताना विदागार उतरवून दुसरीकडे चढवले, की मराठी लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या किंवा अगम्य चिन्हांच्या रांगा दिसत. इंग्रजी मजकुराला या अपघाताची झळ जवळजवळ लागत नाही, म्हणून इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याला फारशी जागा नसे. मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याला अक्षर, त्याचा युनिकोडमधील क्रमांक आणि विदागारात साठवलेले बाइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गरजेपोटी शिकावे लागले.

असाच दुसरा अनुभव पत्त्यांचा. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता बनवते आणि पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील एक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका वर्णाला नऊ चिन्हे. परिणामी काना, मात्रा, वेलांटी आणि शब्दांमधल्या आडव्या रेघा धरून बावीस-तेवीस वर्णांतच मराठी पत्ता संपे. इंग्रजी शीर्षक ऐसपैस बसे आणि मराठी शीर्षक दोन-तीन शब्दांनंतर तुटे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मर्यादा ठरवताना डोळ्यांसमोर कोणती लिपी होती, एवढेच त्यातून दिसते; आणि आज्ञावली उघडी असल्यामुळे तेवढे तरी तपासून दाखवता येते.

भारतीय शासनव्यवस्थेतही ड्रुपलला स्थान मिळाले. २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय विदेचे खुले संकेतस्थळ भारत आणि अमेरिका यांनी मिळून विकसित केलेल्या ड्रुपल-आधारित मंचावर उभे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलची आशियाई परिषद मुंबईच्या आयआयटीत भरली. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त स्रोत साधनांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध करण्याचा उपक्रम चालवला असून त्याच्या पाठांत पीएचपी आणि ड्रुपल यांचाही समावेश आहे. ज्या शिक्षणाने महाविद्यालयाबाहेर आकार घेतला, ते येथे महाविद्यालयाच्या दारातून आत आले.

२०१५ नंतरचे स्थित्यंतर

१९ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्रुपल ८ प्रसिद्ध झाले. त्याची बांधणी सिम्फनी या व्यावसायिक चौकटीच्या घटकांवर नव्याने केलेली होती. हुकांची जागा बऱ्याच अंशी वस्तुनिष्ठ रचनेच्या वर्गांनी घेतली, आणि साच्यांत पीएचपीऐवजी ट्विग ही स्वतंत्र भाषा आली. मोठ्या संस्थांसाठी, चाचणीसाठी आणि सुरक्षिततेसाठी हे बदल हितावह होते. नावावरून फलन ओळखण्याची जुनी रीत संगणकशास्त्राच्या कसोट्यांवर फारशी टिकणारी नव्हती, हेही खरे. परंतु फाइल उघडावी, एक ओळ बदलावी आणि परिणाम पाहावा, हा मार्ग अवघड झाला. ते आधीच ओळखून काही विकासकांनी २०१३ मध्ये ड्रुपल ७ च्या वळणावर बॅकड्रॉप नावाची शाखा काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची पहिली आवृत्ती आणली.

वर्डप्रेसमध्ये हेच स्थित्यंतर दुसऱ्या बाजूने आले. २०१५ च्या अखेरीस मलेनवेग यांनी विकासकांना जावास्क्रिप्टचा सखोल अभ्यास करण्याचे आवाहन केले. ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत गुटेनबर्ग हा खंडांवर आधारलेला संपादक आला. मुद्रणकलेच्या जनकाचे नाव संपादकाला देणे औचित्याचे खरे. पण त्याची आज्ञावली ज्या रूपात लिहिली जाते, त्या रूपात ती चालत नाही. आधी तिचे रूपांतर आणि संक्षेप करावा लागतो. सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलीत दिसतो तो आकसलेला, माणसाला वाचण्यास कठीण असा मजकूर. मूळ प्रत सर्वांना उपलब्ध आहे, परवानाही तोच आहे. कायद्याने वाचन खुले आणि व्यवहारात मधे एक जिना, अशी ही अवस्था. लेखकाला मात्र नव्या संपादकाने आज्ञावलीला न शिवता पानाची मांडणी पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळेपणाने करता येऊ लागली. वापरणारा आणि घडवणारा यांच्यामधल्या पायऱ्या अशा रीतीने दोन्ही बाजूंनी कमी झाल्या.

परवाना सर्व काही देत नाही, हेही पुढे दिसून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये मलेनवेग आणि वर्डप्रेसची सर्व्हरसेवा पुरवणारी डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात वाद पेटला. जोडण्या आणि सुधारित आवृत्त्या ज्या मध्यवर्ती संग्रहातून मिळतात, त्याचे दार त्या कंपनीला बंद करण्यात आले. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने अंतरिम आदेशाने ते उघडायला लावले. आज्ञावली सर्वांची असली तरी तिचे वितरण एका हाती राहू शकते, ही बाब दोन दशके कोणाला फारशी टोचली नव्हती.

ड्रुपल ७ चा अधिकृत सांभाळ २०२१ मध्ये संपायचा होता. त्यावर चालणारी संकेतस्थळे पुढच्या आवृत्तीकडे जाईनात, म्हणून मुदत वारंवार वाढवावी लागली आणि अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी ती संपली. मागे राहिलेल्यांपुढे संकेतस्थळ नव्याने बांधणे किंवा बॅकड्रॉपसारख्या शाखेकडे वळणे असे पर्याय उरले. वर्डप्रेसचे मूळ मात्र आजही तिच्या पोटात आहे. प्रत्येक प्रतीसोबत येणाऱ्या परवान्याच्या फाइलीत, बी-टूचे हक्क २००१ आणि २००२ या वर्षांसाठी मिशेल वाल्द्रिघी यांचे असल्याची नोंद सुरुवातीलाच केलेली आढळते.